आई व्हायला जाऊ नकोस, हाताखालची माणूस म्हणून जा

मिरजेहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. वय २६, बीकॉम, सीएच्या ऑफिसात नोकरी, टॅली वगैरे सगळं येतं. ती लिहिते: "ताई, केनियात काकामेगाच्या बाजूला एका खेड्यात ख्रिश्चन अनाथाश्रम आहे, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीच्या चर्चची तिथे ओळख आहे. सहा आठवडे ते सहा महिने, कितीही दिवस ये म्हणतात. मला त्या मुलांना आईची माया द्यायचीये. आम्ही हिंदू, त्यामुळे आई म्हणते धर्म बदलून येशील, बाबा म्हणतात आफ्रिकेत कशाला मरायला जातेस. तिथला रोजचा दिवस कसा असतो, मला झेपेल का, आणि किती दिवस जाऊ?"

प्रिय मैत्रिणी,

झेपेल तुला, ती काळजी सोड. मी त्याच पट्ट्यात, बुंगोमाकडच्या एका बालगृहात राहून आलेय, त्यामुळे दिवस कसा असतो ते सांगतेच, पण त्याआधी तुझ्या पत्रातल्या त्या एका वाक्यावर मी अडलेय. "आईची माया द्यायचीये." तू मनापासून लिहिलंयस हे कळतंय मला, तरी सांगते, हे वाक्य इथेच ठेवून जा.

तू गेटमधून आत शिरलीस की चार-पाच वर्षांची पोरं पळत येतील, हात धरतील, तुझं नाव पण माहीत नसताना मांडीवर चढून बसतील, आणि तुला एकदम भरून येईल की बघ, किती भुकेली आहेत ही प्रेमाची. आता जरा आठव, आपल्या घरातलं त्याच वयाचं पोर अनोळखी बाई आली की काय करतं? आईच्या मागे लपतं, पदराआडून बघतं, अर्ध्या तासानं हळूच जवळ येतं. ज्याला हक्काचं एक माणूस आहे ते पोर असंच वागतं. जे कुणाच्याही गळ्यात पडतं त्याच्या आयुष्यात खूप माणसं आली आणि गेली असतात, आणि त्यात आपण अजून एकाची भर घालणार असतो, सहा आठवडे जीव लावायचा आणि मग बॅग उचलून विमानात बसायचं. हे माझं मत नाहीये नुसतं. जॉन बोल्बी नावाच्या डॉक्टरांनी १९५१ सालीच जागतिक आरोग्य संघटनेसाठी रिपोर्ट लिहिला होता की लहान मुलाला एक कायमचं माणूस लागतं, आणि पुढे रोमानियातल्या अनाथालयांमधल्या मुलांवर मोठा अभ्यास झाला त्यातही हेच दिसलं, जी मुलं दोन वर्षांच्या आत संस्थेतून निघून एखाद्या घरात गेली ती जास्त सावरली.

आणि "अनाथ" म्हणतो आपण, पण तिथे पोचल्यावर कळतं की बऱ्याच मुलांना कुणीतरी आहे. सेव्ह द चिल्ड्रनचा २००९ चा रिपोर्ट सांगतो की जगभरात संस्थांमधल्या पाचातल्या चार मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, जिवंत असतात. पश्चिम केनियात नव्वदच्या दशकात एड्सनं मधल्या पिढीतली खूप माणसं नेली, कित्येक घरांत मागे उरल्या आज्या आणि नातवंडं. प्राथमिक शाळा २००३ पासून फुकट आहे पण युनिफॉर्म, वह्या, परीक्षेचे पैसे आणि पुढे हायस्कूलची फी हे कुणी द्यायचं? मग आजी विचार करते की मिशनच्या होममध्ये तीन वेळा खायला मिळतं आणि शाळा होते, आणि नातवाला सोडून येते. टाकून देत नाही ती त्याला. त्याचं भलं व्हावं म्हणून काळजावर दगड ठेवून सोडते. सरकारची अशा घरांना मदत आहे, महिना २,००० शिलिंग, म्हणजे आपले तेराशे-चौदाशे रुपये, त्यात काय काय भागणार.

म्हणूनच केनिया सरकारनं २०१७ मध्ये नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली आणि २०२२ मध्ये तर दहा वर्षांचा आराखडाच काढला की मुलं हळूहळू संस्थांतून काढून नातेवाइकांकडे किंवा पालक कुटुंबात न्यायची. चांगल्या ख्रिश्चन संस्था याच दिशेनं काम करायला लागल्यात. वाईट संस्था पाहुणे आणि देणगीदार येत राहावेत म्हणून मुलं धरून ठेवतात, काही ठिकाणी तर आईबापांना शाळेचं आमिष दाखवून मुलं गोळा करतात, ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या कायद्याच्या वेळी याला सरळ मुलांच्या तस्करीत धरलं. तुझं होम कुठल्या प्रकारचं आहे ते मला इथून सांगता येणार नाही, पण तुला विचारून कळेल. ईमेल कर आणि स्पष्ट विचार: तुमची सरकारी नोंदणी आहे का, गेल्या वर्षी किती मुलं नातेवाइकांकडे परत गेली, सुट्टीत मुलं कुठे जातात, स्वयंसेवकाकडून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागता का, आणि मी देणार असलेल्या पैशातलं माझ्या राहण्या-जेवणाचं किती. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पोलीस सर्टिफिकेटचा. जी संस्था तुला काहीच न विचारता "कधीही या" म्हणते ती दुसऱ्या कुणालाही तसंच म्हणते, आणि तिथे लहान मुलं झोपतात. तुझ्या पत्रातलं "कितीही दिवस ये" मला म्हणूनच जरा खटकलंय.

बरं, आता दिवस.

विषुववृत्त अगदी जवळ, त्यामुळे बारा महिने सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी पावणेसातपर्यंत मावळतो, संधिप्रकाश वगैरे फार नाही, पटकन काळोख. मोठी मुलं पाचलाच उठतात. खराट्यानं लाल मातीचं अंगण झाडायचं, बोअरवरून पिवळ्या कॅनमधून पाणी आणायचं (वीस लिटरचा कॅन भरला की वीस किलो होतो, मोठ्या मुली तो डोक्यावर सहज आणतात, तू पाच लिटरनं सुरुवात कर), आंघोळ बादलीतल्या पाण्यानं, संडास म्हणजे अंगणाच्या कडेचा खड्ड्याचा. मग प्रार्थना, मग उजी, म्हणजे मक्याच्या किंवा नाचणी-ज्वारीच्या पिठाची पातळ पेज, साखर घातलेली, कपातून प्यायची. युनिफॉर्म, स्वेटर, आणि लाईनीत शाळेत. स्वेटर वाचून हसू नकोस, तो भाग दीड हजार मीटर उंचीवर आहे, पहाटे चांगलंच गार असतं.

मुलं शाळेत गेल्यावर होम रिकामं होतं असं तुला वाटेल. खरं काम तेव्हा सुरू होतं. शेंबडी-लहानगी घरात असतातच, त्यात कुणाला ताप, कुणाचं गळू. कपड्यांचे डोंगर, सगळं हातानं, टबात, आणि वाळत घालायचं कुंपणावर. राजमा निवडायचा, मका ताडपत्रीवर पसरायचा, पावसाचा ढग दिसला की पळत जाऊन गोळा करायचा, आणि काकामेगाकडे दुपारी पाऊस येतोच येतो. स्वयंपाक लाकडावर, धुरात, मोठमोठ्या अॅल्युमिनियमच्या पातेल्यांत. दुपारी गिथेरी, म्हणजे मका आणि राजमा एकत्र उकडलेला. रात्री उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, पन्नास जणांचा उगाली लाकडी फावड्यासारख्या उलथन्यानं ढवळायला खांद्यात जोर लागतो, सोबत सुकुमा विकीची भाजी, हिरवा पाला, कांदा-टोमॅटोवर परतलेला. कधी व्हिक्टोरिया तलावातले ओमेना नावाचे बारके सुके मासे. रविवारी नाहीतर ख्रिसमसला चपाती आणि दूध घातलेला चहा, हो, आपलीच चपाती, रेल्वे बांधायला गेलेल्या आणि मागून दुकानं टाकलेल्या हिंदी लोकांबरोबर ती तिकडे गेली, पण तिकडे ती सणाची. तुला लाटता येते ना? मग पहिल्याच रविवारी पोळपाटाजवळ तुला जागा मिळेल, तेलाचा हात सैल ठेव, त्यांची चपाती जाड आणि पापुद्र्याची असते, आपली घडीची पोळी त्यांना कोरडी वाटते.

हे सगळं कोण ओढतं? मेट्रन. दोन-तीन बायका. याच त्या मुलांच्या खऱ्या आया, किंवा त्या जागेच्या सगळ्यात जवळची माणसं. रात्री पोर रडलं की त्या उठतात, कुणाला अंधाराची भीती वाटते, कुणाला चार वाजता गोळी द्यायची, कुणाची आजी कुठल्या गावात, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. पगार थोडका, स्वतःची पोरं बऱ्याचदा गावाकडे आईकडे ठेवलेली. आणि पाहुणे येतात तेव्हा फोटो कुणाचा निघतो? पाहुण्याच्या मांडीवरच्या पोराचा. मेट्रन मागे चुलीपाशी. मला याचा फार त्रास व्हायचा.

तर तू त्यांच्या हाताखाली काम कर. एवढंच सांगायचंय मला खरं तर. मेट्रनला दुपारी तीन तास सुट्टी मिळावी म्हणून तू टबापाशी बस. तिनं लहानग्याला भरवताना तू भांडी घास, उलटं करू नकोस, म्हणजे तिला भांडी घासायला लावून तू पोराला भरवू नकोस, मोह तोच होतो. पोर पडलं, रडत तुझ्याकडे आलं तर जवळ घे, डोळे पूस, आणि हात धरून मेट्रनकडे ने. दगड व्हायचं नाहीये, त्या पोरानं पुढच्या वेळी रडत कुणाकडे जायचं ते त्याला पक्कं कळलं पाहिजे, आणि ते माणूस पुढच्या वर्षीही तिथे असलं पाहिजे.

आणि मुली, तुझ्याकडे जे आहे ते फार कमी स्वयंसेवकांकडे असतं. हिशोब! अशा होममध्ये पावत्या बिस्किटाच्या डब्यात असतात, अर्धे पैसे एम-पेसावरून, म्हणजे मोबाईलवरून, आलेले-गेलेले, देणगीदार रिपोर्ट मागतो, सरकारी माणूस रजिस्टर मागतो आणि डायरेक्टर रात्री कंदिलाशी बसून जुळवाजुळव करतात. तू तीन महिन्यांत त्यांना साधी एक्सेलची शीट, स्टॉकचं रजिस्टर, महिन्याचा ताळेबंद लावून दिलास, आणि तिथल्याच एखाद्या हायस्कूल पास मुलाला किंवा मुलीला ते शिकवून ठेवलंस, तर तू गेल्यावरही ते चालेल. दुसरं म्हणजे मुलांच्या फाइली. नाव, गाव, आजी, मामा, शेवटची भेट कधी, हे बऱ्याचदा कुणाच्या तरी आठवणीत असतं आणि ती मेट्रन नोकरी सोडून गेली की पोराची मुळंच हरवतात. सोशल वर्करबरोबर बसून त्या फाइली पूर्ण करायला मदत कर. पोराला त्याच्या आजीपर्यंत पोचवणारा कागद तयार करणं ही मायाच आहे गं.

शाळेत शिकवायला जाऊ का असं विचारशील. शिकवू नकोस. केनियात ट्रेनिंग झालेले, नोकरीची वाट बघणारे शिक्षक भरपूर आहेत, त्यांची जागा फुकटात भरू नये. संध्याकाळी गृहपाठाला मात्र बस, लाईट जाते तेव्हा सोलरच्या दिव्याभोवती सगळे गोळा होतात, गणितात तुझा उपयोग होईल. आणि एक घोळ आधीच सांगून ठेवते, स्वाहिलीत वेळ सकाळच्या सूर्यापासून मोजतात, सकाळी सात वाजले की त्यांचा एक वाजतो, त्यामुळे "दोन वाजता ये" कुणी स्वाहिलीत सांगितलं तर ते आठ असतात.

आता आईच्या काळजीचं. आईला सांग की तुमच्या मिरजेतच वॉन्लेस हॉस्पिटल शंभर वर्षांच्या वर उभं आहे, किती हिंदू-मुसलमान घरांतली बाळंतपणं मिशनऱ्यांच्या हातून झाली, कुणाचा देव्हारा हलला नाही. पण तू स्वतः हे पक्कं समजून जा की तिथे ख्रिस्त रोजच्या जगण्यात आहे. सकाळी प्रार्थना, जेवणाआधी प्रार्थना, झोपताना गाणी. तो सगळा भाग जुना चर्चचा, क्वेकर या ख्रिश्चन पंथाचे लोक १९०२ मध्येच कायमोसीला आले, कॅथलिक, साल्व्हेशन आर्मी, पेंटेकोस्टल सगळे आहेत. रविवारची उपासना तीन-तीन तास चालते, ढोल, टाळ्या, नाच, आणि खरंच सांगते ते गाणं ऐकून अंगावर काटा येतो. लोक तुला सरळ विचारतील, तुझं तारण झालंय का, म्हणजे येशूला मानून उद्धार झालाय का. त्यांच्याकडे हा प्रश्न खेकसून किंवा डिवचायला विचारत नाहीत, जेवलीस का सारखाच विचारतात. खरं सांग, मी हिंदू आहे, तुमच्या प्रार्थनेचा मान ठेवते. संस्थेला हे निघायच्या आधीच लिहून कळव, चालत नसेल तर आधीच कळलेलं बरं. प्रार्थनेला सगळ्यांबरोबर बस, गाण्याला टाळ्या वाजव, न पटणारं म्हणू नकोस. मुलांनी विचारलं तू कुणाची प्रार्थना करतेस तर दोन वाक्यांत सांग आणि थांब, त्यांच्या श्रद्धेशी वाद घालायला आपण गेलेलो नाही.

बाबांना सांग की काकामेगाला माताटु, म्हणजे प्रवासी मिनीबस, जातात, फोनला रेंज असते, भाजीवाली पण एम-पेसानं पैसे घेते. भीती बाळगायची ती मलेरियाची. तलावाच्या त्या सगळ्या भागात तो बारमाही आहे आणि आपल्याकडच्यापेक्षा घातक जातीचा, तेव्हा डॉक्टरला विचारून प्रतिबंधक गोळ्या, रोज मच्छरदाणी, आणि ताप आला की त्याच दिवशी टेस्ट, उद्यावर नाही. पिवळ्या तापाची लस ठराविक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, पुण्या-मुंबईत आहेत, निघायच्या किमान १० दिवस आधी घे आणि पिवळं कार्ड जपून ठेव, नाहीतर परत येताना भारतातच सहा दिवस अडकवून ठेवू शकतात. पायात कायम बूट, मातीत जिगर नावाची पिसू असते ती बोटांत शिरते. पाणी उकळून. ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी, २०२४ पासून व्हिसाच्या जागी आलाय, पण तो पाहुण्यांचा, बिनपगारी काम करायचं तरी इमिग्रेशनचा पास किंवा परमिट लागतो, तो संस्थेकडून काढून घे. "टुरिस्ट म्हणून ये, कुणी विचारत नाही" असं जे होम म्हणेल तिथे जाऊ नकोस.

रस्त्यावर तुला म्हिंदी म्हणून हाक मारतील, किसुमू शहरात दुकान आहे का तुझं असं विचारतील. तिकडे हिंदी माणूस म्हणजे शेठ, आणि काही शेठ लोकांनी नोकरांना कसं वागवलं ते लोकांच्या लक्षात आहे. रागावू नकोस. मेट्रनबरोबर जमिनीवर बसून राजमा निवडताना दिसलीस की आठवड्याभरात विषय संपतो.

काही गोष्टी मात्र हट्टानं पाळ. कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटी थांबू नकोस, तुझ्यावर संशय आहे म्हणून नाही, नियम सगळ्यांना सारखा असला की मुलं सुरक्षित राहतात. एकट्या पोराला भेटवस्तू नाही, द्यायचं ते मेट्रनच्या हाती. मुलांचे चेहरे इन्स्टावर नाहीत, तुझ्या भाचीचा फोटो एखाद्या परक्या बाईनं "बिचारी" लिहून टाकला तर चालेल का तुला? काही मुलं रोज एचआयव्हीची औषधं घेत असतील, कोण ते विचारू नकोस, कळलं तर कुणाला सांगू नकोस, मैत्रिणीलाही नाही. आणि कुणी पोराला छडीनं मारताना दिसलं तर मुलांसमोर आरडाओरडा नको, त्याच दिवशी डायरेक्टरशी बोल, मारणं तिथेही कायद्यानं बंद आहे. मार गंभीर असेल किंवा काही वाईट चाललंय असं दिसलं तर ११६ ही मुलांची हेल्पलाइन आहे, पाहुणी आहे म्हणून गप्प बसू नकोस.

किती दिवस, तर सहा आठवडे नको. घडी बसायलाच महिना जातो, तोवर मेट्रनला तुझंच एक ओझं. एक पूर्ण शाळेची टर्म जा, साधारण तीन महिने, जानेवारीची किंवा मेची. टर्म सुरू होताना पोच आणि संपताना नीघ. कारण चांगल्या होमची मुलं सुट्टीत आजीकडे, मामाकडे जातात, सगळ्यांच्याच पिशव्या भरलेल्या असतात, तेव्हा तुझंही जाणं त्यात मिसळून जातं. पहिल्याच आठवड्यात मुलांना तुझी जायची तारीख सांग, कॅलेंडरवर खूण कर. "मी परत येईन" म्हणू नकोस, अगदी यायचं मनात असलं तरी.

घरी येऊन पैसे पाठवावेसे वाटतील, तर इमारतीसाठी नको, एखाद्या मुलाला आजीकडे ठेवून त्याची हायस्कूलची फी भरता येते का ते विचार, चांगली संस्था याला आनंदानं हो म्हणेल.

मिरजेहून लगेच करायचं काम म्हणजे ते प्रश्नांचं ईमेल. नोकरीचा राजीनामा आत्ता देऊ नकोस, तीन महिन्यांची बिनपगारी रजा मिळते का ते बघ. उत्तर आलं की मला पाठव, आपण दोघी मिळून वाचू.

तुझी,
ताई